काकीचं कौलारू घर

वाडीतल्या एकेका घरावर स्लॅब पडत गेला, तरी द्वारकाकाकीचं चिऱ्याच्या भिंतींचं कौलारू घर होतं तसंच राहिलं. नवरा कधीच गेला होता, मुलगा दूर सुरतेला कामाला. घरात बोलायला एक चूल होती. लाकूड ओलं असलं की ती थोडी तडतडायची.

सरपंच भाऊसाहेब परुळेकरांना मात्र ते घर डोळ्यात खुपत होतं. त्यांना वाडी आदर्श करायची होती. एक दिवस ते माणसं घेऊन अंगणात आले आणि चपला काढून ओटीवर टेकले.

"काकी, स्लॅब फुकट घालून देतो. माझ्या बंगल्यात नाही असं या घरात काय आहे ते सांगा. पटलं तर पुन्हा विषय काढणार नाही. नाही सांगता आलं तर उद्या कौलं उतरवायची."

काकी म्हणाली, "माझं घर गळतं."

माणसं हसली. भाऊसाहेबही पोट धरून हसले.

काकीने त्यांचं हसू संपू दिलं. "गळतं, म्हणून दर वैशाखात मुलगा कौलं परतायला येतो. तो वरून हाका मारतो, मी खालून ओ देते. तेवढे दिवस चुलीवर दोघांचा भात शिजतो. तुमचा स्लॅब थेंबभर गळत नाही, भाऊसाहेब. तुमचा मुलगा शेवटचा कधी आला होता?"

भाऊसाहेबांनी आठवून पाहिलं, मग चपला घातल्या.

पुन्हा स्लॅबचा विषय निघाला नाही. वैशाखात काकीचा मुलगा छपरावर चढला, तेव्हा न बोलावता येऊन भाऊसाहेब खाली शिडी धरून उभे होते.