वाहत आलेल्या घराची हळद

एकदा काय झालं, एक घर गाव सोडून निघून गेलं.

हसू नका रे. जातात कधीकधी घरं. ऐका तर.

कासवी नावाची नदी होती. तिच्या अलीकडे ऐलवाडी, पलीकडे पैलवाडी. ऐलवाडीत केरबाचं घर होतं. कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर आणि दाराला सागाचा उंबरठा. घरात केरबा, त्याची आई हौसाबाई आणि पंधरा दिवसांपूर्वी लग्न होऊन आलेली अनसा. अनसा अगदी गप्प मुलगी, बरं का. हौसाबाई शेजारणीला म्हणायची, "सून गुणाची आहे गं, पण पंधरा दिवसांत अकरा शब्द बोलली. त्यातले चार कोंबडीशी."

अनसा गप्प होती, कारण ती गोंधळलेली होती. तहान लागली की तिचा हात डावीकडे जायचा. माहेरी माठ डावीकडे होता, इथे उजवीकडे. सकाळी डोळे उघडले की आपण कुठल्या छपराखाली आहोत, हे तिला पटकन कळायचंच नाही.

मग काय झालं, कासवी फुगली. तीन दिवस फुगतच राहिली. तिसऱ्या दिवशी पाणी चुलीपर्यंत आलं. मग तिघं कोंबडीला घेऊन छपरावर चढली. आणि घर हललं. पडलं नाही हं. आधी हललं, मग जोत्यावरून अलगद उठलं आणि टोपलीसारखं तरंगत निघालं. भोवऱ्यात तीनदा गरगर फिरलं. तेवढ्यात हौसाबाई ओरडली, "केरबा, दाराला कडी घातलीस का रे?"

मग पैलवाडीच्या चिंचेखाली घर येऊन टेकलं. जसंच्या तसं. पाणी ओसरलं तेव्हा भिंतींना कमरेपर्यंत पिवळा गाळ लागलेला होता. जोतं ऐलवाडीत राहिलं, अंगण राहिलं, तुळस राहिली. आणि दाराचं तोंड पूर्वेला होतं, ते झालं पश्चिमेला.

त्या राज्यात दर उंबरठ्यामागे वर्षाला एक पोतं भात राजाला द्यावं लागे. त्याला म्हणायचे उंबरठापट्टी. नाही दिलं तर राजाची माणसं पौर्णिमेला येऊन उंबरठा उखडून नेत. मग त्या घराला कुणी घर म्हणत नसे. तिथे पाहुणा येईना, की सणाला कुणी बोलवेना. केरबाचा भात तर पुरात गेलेला. आणि अनसाने माप ओलांडलं होतं ते याच उंबरठ्यावरचं. या मुलखात तिच्या ओळखीची तेवढी एकच वस्तू होती.

पण राजा कनवाळू होता. त्याने दवंडी पिटवली, "ज्याचं घर पुरात पडलं किंवा वाहून गेलं, त्याला तीन वर्षं पट्टी माफ!"

"चला, सुटलो," केरबा म्हणाला. मग तो नावेत बसून ऐलवाडीच्या कारकुनाकडे गेला.

कारकून जोत्यावर उभा राहिला. त्याने कपाळावर हात धरून पलीकडे पाहिलं. "ते चिंचेखाली काय दिसतंय?"

"माझं घर."

"मग वाहून कुठं गेलं? वाहून गेलं म्हणजे दिसेनासं व्हायला पाहिजे. शिवाय तुझं जोतं इथं, तुळस इथं. एक पोतं भात काढ."

केरबा तोंड पाडून परत आला. मग हौसाबाईने पदर खोचला आणि ती पैलवाडीच्या कारकुनाकडे गेली. त्याने घराला एक फेरी मारली. भिंतीवर टिचकी मारली. म्हणाला, "पडलं कुठं? उभं आहे की. उलट आमच्या गावात एक उंबरठा वाढला. एक पोतं भात काढा."

"अरे भल्या माणसा, तो तिकडचाही मागतोय!"

"त्याचं त्याला, आमचं आम्हाला."

म्हणजे बघा हं. पुराच्या आधी एक पोतं होतं, माफी मिळाल्यावर दोन झाली! हौसाबाई घरी आली आणि कोंबडीलाच विचारू लागली, "तुला काही कळलं का गं?" कोंबडीलाही कळलं नव्हतं.

पौर्णिमा तीन दिवसांवर आली. दुपारची वेळ होती. केरबा आणि हौसाबाई उसना भात मागायला गेले होते. अनसा एकटीच उंबरठ्यावर बसली होती. आणि कुणीतरी भलामोठा उसासा टाकला.

अनसाने मागे पाहिलं. कुणी नाही.

"अगं ए," आवाज आला, "मी कुठं आहे?"

घर बोलत होतं, बरं का! खालच्या आवाजात, आढं करकरावं तसं. "ऊन दारातून येतंय, म्हणजे सकाळ ना? मग लगेच अंधार कसा पडतो? आणि माझी तुळस कुठाय? रोज समोर दिसायची गं."

अनसा घाबरली नाही. तिला आपला माठ आठवला. ती भिंतीला पाठ टेकून बसली. पिवळा गाळ तिच्या हाताला लागला. हातावरची लग्नातली हळद अजून पुरती उतरली नव्हती. तिने हात पाहिला, भिंत पाहिली. पुन्हा हात पाहिला. आणि हसली.

दुसऱ्या दिवशी राजा नावेत बसून पूर बघायला निघाला. नाव चिंचेजवळ आली तसे दोन्ही कारकून धावले. एक म्हणाला, घर माझ्या गावचं. दुसरा म्हणाला, माझ्या गावचं. राजाने आपलाच हुकूम वाचायला लावला. एकदा ऐकला, दोनदा ऐकला, तीनदा ऐकला. मग डोकं खाजवत म्हणाला, "हे मी सांगितलं होतं?"

मग अनसा पुढे आली. केरबा बघतच राहिला. हौसाबाईने तोंडाला पदर लावला.

"महाराज," अनसा म्हणाली, "मीपण अशीच आले. माहेरची माणसं म्हणतात, तू आता तिकडची. इकडची म्हणतात, अजून तुझा जीव तिकडेच. मी कुठली, ते मलाही सांगता येत नाही. पण अंगाची हळद उतरली नाही, म्हणून मला अजून कुणी पाण्याला धाडलं नाही, की दळायला बसवलं नाही. इकडच्यांनी नाही आणि तिकडच्यांनीही नाही." मग तिने भिंतीवर हात ठेवला. "या घराची हळद अजून ओली आहे. त्याला आत्ताच कामाला लावताय?"

हौसाबाई शेजारच्या कारकुनाच्या कानात म्हणाली, "मोजले का रे शब्द?"

राजाने भिंतीवरची पिवळी रेघ पाहिली. तो नावेतून उतरला, चिखलातून चालत गेला आणि स्वतः हात लावून आला. मग म्हणाला, "जुना हुकूम फाडा. ज्या घराच्या अंगावर पुराची हळद आहे, ते उभं असो की पडकं, इथलं असो की तिथलं, ती उतरेपर्यंत त्याच्याकडे कुणी काही मागायचं नाही. आणि ती उतरली की नाही, ते घरच्या बाईने सांगायचं. कारकुनाने नाही."

मग नदीकाठच्या सगळ्या घरांना माफी मिळाली. कुणाची हळद वर्षात उतरली, कुणाची दोन वर्षांत. एका घराची तर सात वर्षं उतरेना. पण ती बाई जरा लबाड होती, तिचं सोडा.

अनसाने ऐलवाडीच्या तुळशीच्या मंजिऱ्या आणून दारात पेरल्या. रोपं आली, वाढली. एक दिवस पहाटे घराने आपणहून मागची खिडकी उघडली. उजेड आता कुठून येतो, ते त्याला कळलं होतं. त्या दिवशी अनसाने भिंती सारवल्या आणि एक पोतं भात पैलवाडीला स्वतः पोचवलं. एकच बरं का, दोन नाही. परत आल्यावर तिला तहान लागली. हात गेला तो सरळ माठावर.

पुढे सगळे सुखात राहिले. राजा, केरबा, हौसाबाई, कोंबडीसुद्धा. फक्त कधी जोराचा पाऊस लागला की आढं करकरायचं आणि घर झोपेत विचारायचं, "मी कुठं आहे गं?"

मग अनसा कूस न बदलता म्हणायची, "इथंच. झोप."

तुम्हीही इथंच आहात. पांघरूण घ्या बघू.