ग्रिलमधली राख

कुडाळच्या एका काजूव्यापाऱ्याने, विश्रामशेटने, एकदा मोठ्या हौसेने घरी पेलेट ग्रिल, म्हणजे भाजायची विजेवर चालणारी शेगडी, आणली. वरच्या डब्यात भुशाच्या दाबलेल्या गोळ्या भराव्यात आणि बटण दाबावे. यंत्र स्वतःच त्या थोड्या थोड्या खालच्या लोखंडी वाटीत ढकलते, पंखा वारा घालतो आणि विस्तव तेवत राहतो. "फुंकणी नको, डोळ्यांत धूर नको!" असे तो येईल त्याला कौतुकाने सांगे. वर्षभर त्याने सुरमई भाजली, वांगी भाजली, आल्यागेल्याला जेवू घातले. झाकण पुसून लख्ख ठेवी. वाटीत मात्र एकदाही डोकावला नाही.

त्या संध्याकाळी त्याचा धाकटा भाऊ दत्ताराम जेवायला येणार होता, तोही तब्बल तीन वर्षांनी. वडिलांच्या बाराव्याला विश्रामशेट त्याला चारचौघांत म्हणाला होता, "शेवटचं घोटभर पाणी पाजायलाही तू नव्हतास. आता कसला रडतोस?" तेव्हापासून दत्ताराम या घराची पायरी चढला नव्हता. दर दिवाळीला विश्रामशेट फराळ पाठवी, कपडे पाठवी. सगळे जसेच्या तसे परत येई. अखेर दोघांना लहानपणी शिकवलेल्या वृद्ध गुरुजींनी शब्द टाकला, तेव्हा कुठे तो तयार झाला. गुरुजी स्वतःही आधीच येऊन बसले होते.

आणि नेमकी त्याच दिवशी ग्रिल रुसली! पेटे, धुमसे, विझे. विश्रामशेटने आणखी गोळ्या ओतल्या, आच वाढवली, नुसता धूर.

"गुरुजी, काय करू हो? हा आज उपाशी परत गेला, तर पुन्हा कधी यायचा नाही."

गुरुजी उठले आणि त्यांनी सरळ प्लगच उपटला.

"अहो, हे काय? तो येईलच आता!"

"येऊ दे."

ग्रिल निवेपर्यंत गुरुजी स्वस्थ बसून राहिले. मग त्यांनी जाळ्या उचलून वाटी बाहेर काढली. ती काठोकाठ राखेने भरली होती. ती सगळी राख त्यांनी विश्रामशेटच्या ओंजळीत ओतली.

"गोळ्या चांगल्याच आहेत रे. तू नव्या घालत राहिलास, जळून गेलेलं काही काढलं नाहीस. राखेवर कितीही ओत, विस्तवाला श्वास कुठून मिळणार? दिवाळीचे डबे परत का येतात, तेही मीच सांगू का?"

विश्रामशेटला बाराव्याचा मांडव आठवला, भावाचा उतरलेला चेहरा आठवला. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

तेवढ्यात फाटक वाजले. दत्ताराम अंगणात येऊन थबकला. विश्रामशेट राखेची ओंजळ घेऊन तसाच पुढे झाला.

"दत्ता, बाराव्याला मी फार वाईट बोललो. तू बोटीवर होतास, तुला निरोप उशिरा मिळाला, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही बोललो. चुकलो रे."

दत्ताराम जवळ आला. मग त्याने थोरल्याच्या ओंजळीखाली आपले हात धरले आणि दोघांनी मिळून ती राख माडाच्या आळ्यात टाकली.

"दादा," डोळे पुसत तो म्हणाला, "भूक लागलीय. पेटव आता."