जोड्यांजवळची बैठक

देवनळी संस्थानातले चांगले वैद्य एकेक करून परमुलखात निघून गेले. राजेसाहेबांनी दवंडी पिटवली, "परत येईल त्याला पालखी, शेला आणि सिंहासनाशेजारी बैठक!" वर्ष सरलं, पालखीत धूळ बसली, माणूस काही बसला नाही.

गेलेले सगळे म्हाताऱ्या भास्करवैद्यांचे शिष्य. ते स्वतः मात्र इथेच राहिले होते, म्हणून दरबारात त्यांची बैठक दाराशी, जोड्यांजवळ.

राजेसाहेब सिंहासनावरूनच गरजले, "वैद्यबुवा, त्यांना निरोप धाडा, परत या म्हणावं!"

"दर खेपेला धाडतो, महाराज," वैद्यबुवा थकल्या आवाजात म्हणाले. "पण ते पालखीचं विचारतच नाहीत. विचारतात, 'गुरुजी, तुम्हाला कुठे बसवतात?' काय सांगू?"

त्या दिवशी अख्ख्या दरबाराने पहिल्यांदाच मान वळवून जोड्यांकडे पाहिलं.