मामासाहेबांचा बूट आणि मानाची मरळ

मंडळी, आपल्या झाडीपट्टीत गाव तिथे तलाव आणि तलाव तिथे ढिवरांचा टोला, म्हणजे मासेमारांची वस्ती, हे ठरलेलेच. पळसबोडी गावही तसेच. तिथल्या तलावाच्या पाळीवर, अर्जुनाच्या झाडाखाली, एका खोपटात अनवाणी महाराज राहत. महाराजांनी जन्मात पायात वहाण घातली नाही, म्हणून हे नाव. खरे नाव विचारले तर हसून म्हणत, "आठवत नाही रे बाबा, तुम्हीच एखादं ठेवा." वैशाखात त्या पाळीची माती अशी तापे की कुत्रीसुद्धा तिच्यावरून उड्या मारत जात, पण महाराज तिच्यावरून इतक्या सावकाश चालत की पाहणाऱ्याचेच तळवे पोळावेत.

टोल्यातला कवडू ढीवर हा महाराजांचा भक्त. भोळा म्हणजे किती भोळा? महाराज म्हणाले "आज ऊन लवकर निघालं", तर हा शेजारच्याला विचारून येई, की सूर्याला आज कुठे जायचे आहे. जाळे टाकण्याआधी महाराजांच्या पायांवर डोके, जाळे काढल्यावर पुन्हा डोके. त्याची बायको भागरता म्हणे, "एवढ्या येळा पाण्यात वाकले असते तर दोन मासे जास्ती मिळाले असते." बोलायला फटकळ, पण खोपटापुढे रोज सडा तीच घाली.

आता गावची रीत सांगितली पाहिजे. अक्षय तृतीयेला, सूर्य डोक्यावर यायच्या आत, ढिवरांनी हातभर लांबीची मरळ मासोळी जिवंत, गावच्या जमीनदारांच्या, म्हणजे मालगुजारांच्या अंगणात न्यायची. ही मानाची मरळ. मालगुजारीणबाई तिला ओवाळत आणि मग तिला अंगणातल्या विहिरीत सोडत. ती वर्षभर किडे खाऊन पाणी निर्मळ ठेवी. मरळ पोचली की वर्षभर तलाव ढिवरांचा. नाही पोचली, तर मालगुजार देतील त्याचा! कवडूच्या आज्यापासून हा मान त्याच्या घरात होता आणि एकही साल चुकले नव्हते.

त्या वर्षी मात्र चैत्रातच मालगुजारांचे मेहुणे नागपूरहून येऊन राहिले. त्रिंबकराव नाव, पण सगळे गाव त्यांना मामासाहेब म्हणे. गुडघ्यापर्यंत कातडी बूट, हातात विलायती गळ, काखेत माशांवरचे जाडजूड पुस्तक. "मासा हे शास्त्र आहे," ते म्हणत, "अडाण्यांचं काम नव्हे." त्यांच्या एका ठेकेदार मित्राचा तलावावर डोळा होता, हेही हळूहळू सगळ्यांना कळले.

मामासाहेब एकदा खोपटात शिरले ते बुटांसकट. कवडू घाबरत म्हणाला, "मामासाहेब, पायातलं बाहेर काढा जी."

"हे बूट काढायला अर्धा तास लागतो आणि दोन माणसं लागतात," मामासाहेब गुरकावले. "तुझ्या महाराजांसाठी मी एवढा वाकू होय? मासा मारणाऱ्याच्या हातचं पाणी पिणारे हे कसले महाराज!"

कवडूचा चेहरा उतरला. महाराज मात्र खदखदून हसले. म्हणाले, "राहू दे रे. बुटाला वाटेल तेव्हा तो आपणहून उतरेल. त्याला कशाला घाई करतोस?"

पंधरा दिवस मामासाहेबांनी तलाव नुसता घुसळून काढला. सकाळी गळ, दुपारी गळ, संध्याकाळी बंदुकीचा बार. पाणी आटून गुडघाभर राहिलेले, त्यात हा धिंगाणा! उथळातल्या मरळा कुठे दडी मारून बसल्या, कोणाला पत्ता नाही. एरवी मरळ हवा घ्यायला वर येते आणि पाण्यावर बुडबुडा फुटतो. जाणता ढीवर तेवढ्यावर जाळे टाकतो. कवडू दिवसचे दिवस त्या बुडबुड्यासाठी डोळे फोडत बसला. बेडकांपलीकडे काही फुगले नाही.

तृतीयेला चार दिवस राहिले. मामासाहेबांनी ताप मोजायची काचेची नळी सुतळीला बांधून पाण्यात सोडली. पाळीवर गाव जमले. नळी वर काढून ते मोठ्याने म्हणाले, "एकशे चार!"

कवडूने कपाळाला हात लावला. "बाप्पा! एवढा ताप? मग तलाव वाचंल ना जी?"

पाळ हसून हसून लोळली. मामासाहेबांनी पुस्तक उघडले. "पाणी इतकं तापलं की मासा बारा हात खोल जातो. इथे छापलंय."

"पण तलाव तर दीड हातच आहे जी," कवडू म्हणाला. "मग मासा बाकीचा जमिनीत गेला का?"

पुन्हा हशा. तेवढ्यात महाराज उठून म्हणाले, "हसू नका. कवडू बरोबर बोलला. ताप आलेला जीव काय करतो? थंड, अंधारी जागा पाहून निजून राहतो. मरळही कुणाच्या तरी घरात जाऊन निजेल. ज्याच्या घरात निजेल, तोच आणून देईल."

झाले! कवडूने हे शब्द गाठीला बांधले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याने घरोघर फिरायला सुरुवात केली. प्रत्येक दारात तोच प्रश्न, "तुमच्या घरी मरळ निजायला आली का जी?" लोकांनी त्याला रांजण दाखवले, कणगी दाखवल्या, बाळंतिणीची खोलीसुद्धा दाखवली. सोनाराने म्हातारीला हाक मारली, "आई, तुझ्या गोधडीत बघ व, ढिवराची पाहुणी आली का!" कवडूला हसण्याचे काही वाटेना. महाराज म्हणाले आहेत म्हणजे मरळ कुठल्यातरी घरात आहेच, एवढे त्याला पुरे होते.

शेवटी तो मालगुजारांकडे गेला. मामासाहेब खोलीत खुर्चीवर बसले होते, उजव्या पायाला टॉवेल गुंडाळलेला, डावा अनवाणी. "पाय मुरगळलाय," कवडूने न विचारताच त्यांनी सांगितले. मग त्याचा प्रश्न ऐकून पोट धरून हसले. "बघ, बघ, माझ्या पलंगाखालीही बघ!"

कवडूने खरोखर वाकून पाहिले. पलंगाखाली एकच बूट होता. पण कवडू मरळ शोधत होता, बूट नव्हे. तो नमस्कार करून परत गेला.

आणि तृतीया उजाडली! कवडू पहाटेपासून पाण्यात. बाकीचे ढीवर चारी बाजूंनी जाळी ओढत होते आणि जाळ्यात येत होता चिखल. ऊन वर वर चढले. मालगुजार भाऊसाहेब छत्रीखाली उभे राहिले. मामासाहेब बैलांच्या दमणीतून आले, डाव्या पायात बूट, आणि टॉवेलचा पाय पुढे करून ऐटीत बसले. म्हणाले, "भाऊसाहेब, घटकाभराचा प्रश्न आहे. ठेकेदाराला मी निरोप धाडूनच ठेवलाय."

कवडू पाळीवर येऊन मटकन बसला. आज्याने मान राखला, बापाने राखला, आणि आता आपल्या हाताने तो बुडणार. बारा घरांच्या चुली ह्या पाण्यावर पेटत होत्या. त्याला रडू कोसळले. मोठा बाप्या माणूस, पण पोरासारखा हुंदके देऊ लागला.

भागरताला ते पाहवेना. ती तडक खोपटापुढे जाऊन उभी राहिली. "महाराज, तुमच्या एका शब्दापायी यांनी गावभर हसं करून घेतलं. चुकून माकून शिवी द्यायची माझ्या तोंडाला सवय, म्हणून आधीच पाया पडून बोलते. आता तरी सरळ सांगा जी!"

महाराज कौतुकाने म्हणाले, "अगं माय, सरळच सांगितलं होतं. यानं सगळी घरं पाहिली, एकच राहिलं."

असे म्हणून महाराज पाळ उतरले आणि थेट तलावात शिरले. गाळात भलेभले रुततात, पण महाराज अंगणात फिरावे तसे गेले. मधोमध एका जागी थांबले, पाण्यातच मांडी घालून बसले आणि हाक दिली, "मामासाहेब! तुमचा बूट घेऊन जा हो. उतरलाय तो."

सगळ्या माना मामासाहेबांकडे वळल्या. "कसला बूट?" ते ओरडले. "एक पायात आहे, दुसरा घरी पलंगाखाली आहे!"

"त्या दिवशी पलंगाखाली एकच होता जी, अन् पायात एकबी नव्हता," कवडू डोळे पुसत म्हणाला. त्याला कुणाला उघडे पाडायचे नव्हते. त्याला जे दिसले ते त्याने सांगितले, इतकेच.

भाऊसाहेबांनी टॉवेलाकडे पाहिले. "त्रिंबकराव, सोडा बघू तो टॉवेल."

टॉवेल सुटला. आतला पाय गोरापान, धडधाकट. मुरगळल्याची खूणसुद्धा नाही! मग मामासाहेबांना सांगावेच लागले, की तीन दिवसांपूर्वी पहाटे, कुणी नसताना, मानाची मरळ आपणच पकडून ढिवरांना लाजवावे म्हणून ते तलावात शिरले होते. गाळाने बूट धरला तो सोडला नाही. ओढून ओढून पाय निघाला, बूट तिथेच राहिला. माणूस बोलावला तर गावात छी-थू होईल, म्हणून टॉवेल गुंडाळून बसले.

"या या, लवकर या," महाराज म्हणाले. "सूर्य थांबायचा नाही."

मामासाहेब आले. एका पायात बूट, दुसरा अनवाणी. चार पावलांत दुसरा बूटही चिखलात अडकला. तो तसाच सोडून ते पुढे आले. महाराजांनी बोट दाखवले ती जागा महाराजांच्या पायांच्या अगदी पुढ्यात होती. वाकल्याशिवाय बूट हाती लागणार कसा? मामासाहेब वाकले. हात कोपरापर्यंत गेला, मग काखेपर्यंत. नाक पाण्याला लागले, कपाळ महाराजांच्या गुडघ्याला टेकले. आणि ते तसेच थबकले.

कारण पाणी गार होते! वैशाखाच्या त्या उन्हात, माठातले असावे तसे गार! मामासाहेबांनी डाव्या हाताने खिशातली काचेची नळी काढली, झटकली आणि बुडवली. पारा खालच्या खाली. जागचा हलेना.

"ताप उतरला का हो?" महाराजांनी विचारले.

मामासाहेबांनी दातओठ खाऊन बूट ओढला. फचक्! बूट वर आला आणि त्याच्या तोंडातून एक काळी शेपटी फटाफटा पाणी उडवू लागली. हातभर मरळ! कातड्याच्या त्या गार, अंधाऱ्या घरात सुखाने निजली होती.

पाळीवर एकच गजर झाला. "महाराज की जय!" कवडू धावत सुटला, दोनदा पडला, तिसऱ्यांदा महाराजांच्या पायांवर पडला. भागरता घागर घेऊन आली, पण मरळ बूट सोडायला तयार नाही. ओढावे तर आणखी आत शिरते. सूर्य तर डोक्यावर येतच होता!

"बुटासकट न्या," महाराज म्हणाले. "ज्याचं घर, त्याच्या डोक्यावर द्या."

धन्य तो दिवस! पुढे मामासाहेब, डोक्यावर पाण्याने भरलेला बूट, मानेवरून ओघळणारा चिखल. मागे कवडू बुटाला हात लावून. त्याच्यामागे सगळे गाव. मालगुजारीणबाई तबक घेऊन उंबऱ्यात उभ्या. सख्खा भाऊ आणि त्याच्या डोक्यावर बूट पाहून त्या घटकाभर गोंधळल्या. मग म्हणाल्या, "बूट तर बूट! आत लक्ष्मी आहे," आणि दोघांना मिळूनच ओवाळले. विहिरीच्या काठावर बूट उलटा करताच मरळ सुळकन पाण्यात गेली. भाऊसाहेबांनी तिथेच सांगितले, "तलाव ढिवरांचा. ठेकेदाराला माघारी धाडा."

महाराजांच्या खोपटाकडे परतताना पाळ उन्हाने नुसती पेटलेली होती. मामासाहेब अनवाणी, एक पाय टेकवत, एक उचलत, तोंडाने "स्स, हा" करत चालले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या पायांना माती लागत होती. हसावे असा तो देखावा, पण कवडूला हसू आले नाही. त्याने आपल्या झिजलेल्या वहाणा काढल्या आणि त्यांच्यापुढे ठेवल्या. "घाला जी मामासाहेब. माझे पाय रोजचेच भाजलेले."

मामासाहेब त्या वहाणांकडे पाहत राहिले. ह्याच माणसाला त्यांनी पंधरा दिवस अडाणी म्हटले होते, ह्याच्या घरची चूल विझवायला निघाले होते. त्यांनी वहाणा उचलल्या, पण पायात घातल्या नाहीत. छातीशी धरून खोपटापर्यंत गेले, बाहेर नीट ठेवल्या आणि आत जाऊन महाराजांच्या चरणांवर डोके टेकले.

"महाराज, माझा पाय मुरगळला नव्हता," ते म्हणाले.

"मला ठाऊक आहे," महाराज म्हणाले. "मुरगळली होती ती मान. आता सरळ झाली. ऊठ."

पण मामासाहेब उठले नाहीत. तसेच वळले आणि दारात हात जोडून उभ्या असलेल्या कवडूच्या पायांवर वाकले. कवडू घाबरून मागे सरकला आणि सड्याच्या बादलीत बसला. "अरे बाप्पा, हे काय करता जी!"

भागरताने नवऱ्याला हात देऊन बादलीतून काढले आणि मामासाहेबांना म्हणाली, "त्यांना सवय नाही जी. आजवर तेच वाकत आले."