शेवंतीचं खोगीर

“मग झाड तोडायला हरकत काय आहे, बाबा?” निरंजन सबनिसानं तिसऱ्यांदा विचारलं.

जानबा ढेबे शेवंतीपुढं हरभऱ्याचं घमेलं धरून बसले होते. घोडी तोंड फिरवून उभी होती. उपासाचा चौथा दिवस होता तिचा.

मी जानबांच्याच पागेत घोडा बांधतो, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या डोंगरावर गाडी येत नाही, पाहुणे घोड्यावरनंच फिरतात. पागा खोलगट जागी, झाडीत. वीज तिथवर कधी पोचलीच नाही. संध्याकाळी घोडी परतली की खुरांत अडकलेले खडे काढावे लागतात. पूर्वी कंदील होता. एकदा गवताला धग लागली आणि जानबांनी कंदील बंद केला. तेव्हापासून आम्ही अंधारात चाचपडत खडे काढायचो. एखादा राहिला की घोडं लंगडायचं.

निरंजन पुण्याचा इंजिनिअर. त्रेचाळीस वाड्यांवर स्वस्तातले सौरदिवे लावलेला. हा आकडा कुणी विचारला नाही तरी सांगायचा. जानबांकडून घोडं ओळखायला शिकायचं म्हणून आला होता. जानबा म्हणाले, आधी दिवा लाव, मग बघू.

गडी हुशार, त्यात वाद नाही. जुन्या सेलांची बॅटरी जुळवली, पत्र्यावर लहानसं पॅनेल ठोकलं, दिवा टांगला. दिवा पाच मिनिटं मिणमिणला आणि गेला. पॅनेलवर दिवसभर जांभळीची सावली पडत होती.

“त्या सावलीत दुपारी सतरा घोडी उभी राहतात,” जानबा शेवटी म्हणाले. “ती कुठं जातील?”

निरंजनला ते पटलं नाही. इथं माझा दिवा लागत नाही आणि म्हातारा एका घोडीपायी बसून राहिलाय, असं तो मला बोललाही. मला रागच आला. शेवंतीला काय झालंय ते याला दिसत नव्हतं, आणि हा घोडं ओळखायला शिकणार होता.

शेवंती चोवीस वर्षांची. वीस वर्षं तिनं लहान पोरं पाठीवर घेऊन कड्यापर्यंत नेली आणली, एकाला खरचटू दिलं नाही. दिवाळीनंतर जानबांनी तिचं खोगीर उतरवलं. बस झालं, आता आराम कर, म्हणाले. तेव्हापासून रोज सकाळी आम्ही खोगिरं कसायला लागलो की ती येऊन ओळीत आपल्या जागी उभी राहायची. जानबा तिला हळूच माघारी न्यायचे. मग तिनं खाणं सोडलं. नुसतं पाणी प्यायची. डॉक्टर येऊन गेले. दात ठीक, पोट ठीक.

“मायेनंच केलं रे मी,” जानबा मला म्हणाले होते.

पाचव्या सकाळी ती आली तेव्हा तिचे पाय थरथरत होते. तरी ओळीत उभी राहिली.

निरंजन म्हणाला, “बाबा, ती थकलीय. तिला आत न्या, पडू दे निवांत.”

जानबांनी शिडी लावली. या वयात स्वतः पत्र्यावर चढले, पॅनेल सोडवलं, खाली आणलं. शेवंतीचं जुनं खोगीर तिच्या पाठीवर घातलं. त्यावर घोंगडी, घोंगडीवर पॅनेल. बॅटरी पिशवीत. पट्टा कसला. सगळं ओझं मिळून मूठभर.

निरंजन घाबरला. “काच आहे ती, बाबा. वरच्या माळावर घोडी धुळीत लोळतात. ही एकदा लोळली की चुरा होईल.”

“पाठीवर काही असलं की ती लोळत नाही.”

“कशावरून?”

जानबांनी दोरी त्याच्या हातात दिली. “इंजिनेर, जा तिच्याबरोबर. माळावर ऊन आहे.”

माळ हाकेच्या अंतरावर. थंडीचे दिवस, ऊन सोसवेल असं होतं. तिथं काय झालं ते निरंजननंच नंतर सांगितलं. दुपारी कामावरनं सुटलेली दोन घोडी आली आणि धुळीत मनसोक्त लोळली. शेवंती बघत राहिली. माश्या बसल्या की कातडी थरथरवायची, पण खाली बसली नाही. सुरुवातीला निरंजनचा सगळा जीव पॅनेलमध्ये होता. दुपार कलली तेव्हा तो टोपीनं तिच्या तोंडावरच्या माश्या हाकत होता. कधीपासून, ते त्यालाही आठवत नाही.

दिवेलागणीला दोघं खाली आली. निरंजननं तार जोडली आणि पागेत लख्ख उजेड पडला. आम्ही सगळे दिव्याकडं बघत होतो. जानबा मात्र खाली वाकून शेवंतीचा खूर बघत होते. उजेडात खडा दिसला, तो त्यांनी काढला. मग घमेलं पुढं सरकवलं आणि थांबले...

हरभरा चावल्याचा आवाज आला.

जानबांनी मुंडाशाच्या टोकानं डोळे पुसले. कुणाची चोरी नव्हती त्यात. माझेही डोळे भरले होते.

निरंजन म्हणाला, “बाबा, चुकलं माझं. उद्याच मी तार आणतो, माळावर खांब रोवतो. पॅनेल तिथंच राहील. या वयात हिला रोज...”

बोलता बोलता त्याची नजर शेवंतीकडं गेली. तिनं घमेल्यातनं मान वर केली नव्हती, खातच होती.

जानबांनी एकेक करून सगळ्या घोड्यांचे खूर तपासले. शेवटचा खूर खाली ठेवला, पाठ सरळ केली आणि निरंजनच्या खांद्यावर हात ठेवला.

“दिवा मालव आता, बाळा. तिला उद्या लवकर उठायचंय.”