मैनेची मैना

वेणूकाकूंच्या अंगणाला भिंत नाही.
भिंतीच्या जागी करवंदाची जाळी आहे. काकूंनीच लावली. का? अहो, भिंतीला करवंदं लागत नाहीत म्हणून!

जाळी कशी? भर उन्हात हिरवीगार. आणि बोट लावलं की... टोच्च! काटेच काटे.

एक दिवस जाळीवर मैना आली. भुर्रर्र! छोटीशी. काळी काळी. चोच पिवळी. आणि बडबड? विचारूच नका. तुमच्या घरी आहे ना एक, तश्शी.

करवंदं सगळी हिरवी. आंबट्ट! पिकलेलं एकच. टपोरं, गोड.
पिकलेल्या करवंदाला काय म्हणतात, ठाऊक आहे ना? काळी मैना!

मैनेने काळी मैना तोडली. चोचीत धरली. आता गुपचूप गिळायची की नाही? छे! मैना ओरडली, "मला काळी मैना मिळाली!"
चोच उघडली. टप्प! काळी मैना पडली जाळीत. खोल खोल. काट्यांच्या आत.

झालं! मैनेची मैना हरवली.

"जाळीबाई, जाळीबाई, मैना दे ना!
मैनेला चैन पडेना!"

जाळी म्हणाली, "कशी देऊ? केस बघ माझे किती वाढलेत! मला काही दिसतच नाही. काकू मला छाटतील, मग देईन."

मैना निघाली. टुपुक टुपुक टुपुक.
काकू अंगणात कुरडया घालत होत्या.

"काकू, काकू, जाळी छाटा ना!
जाळी देईना काळी मैना,
मैनेला चैन पडेना!"

"मैना हरवली?" काकू म्हणाल्या. "अगं, मैना तर तूच की!"
"मी नाही हो! ती! ती काळी आहे."
"तूही काळीच."
"ती गोड आहे."
"हां, मग तू नव्हेस."
काकूंनी कात्री दाखवली. "ही बघ. कात्री कसली, चमचा झालाय नुसता! धारवाले मामा धार लावतील, मग छाटीन."

मैना निघाली. टुपुक टुपुक टुपुक.
धारवाले मामा सायकलला टेकून बसले होते.

"मामा, मामा, धार लावा ना!
काकू छाटेना जाळी,
जाळी देईना काळी मैना,
मैनेला चैन पडेना!"

"मैना हरवली?" मामा म्हणाले. "ही काय, माझ्या हँडलवर बसलीय!"
"मी नाही हो! ती!"
मामांनी दिली एक मोठ्ठी जांभई. "आधी माझा कटिंग चहा, मग तुझ्या जाळीची कटिंग! किटली चहा उकळेल, मग धार लावीन."

मैना निघाली. टुपुक टुपुक टुपुक.
किटली टपरीवर बसली होती. गप्प गार.

"किटलीताई, किटलीताई, चहा उकळ ना!
मामा लावेना धार,
काकू छाटेना जाळी,
जाळी देईना काळी मैना,
मैनेला चैन पडेना!"

किटली म्हणाली, "पोटात दूधच नाही, तर उकळू काय? डोकं? शेळी दूध देईल, मग उकळीन."

मैना निघाली. टुपुक टुपुक टुपुक.
शेळी झाडाखाली नुसतीच तोंड हलवत होती. तोंडात काही नव्हतं. सवय!

"शेळीबाई, शेळीबाई, दूध दे ना!
किटली उकळेना चहा,
मामा लावेना धार,
काकू छाटेना जाळी,
जाळी देईना काळी मैना,
मैनेला चैन पडेना!"

"बेंऽऽ! मी मैना खात नाही," शेळी म्हणाली. "मी पाला खाते. कोवळा. हिरवा. जाळी पाला देईल, मग दूध देईन."

मैना निघाली. टुपुक... टुपुक... दमली बिचारी. आणि आली कुठे? जाळीपाशीच!

"जाळीबाई, जाळीबाई, पाला दे ना!
शेळी देईना दूध,
किटली उकळेना चहा,
मामा लावेना धार,
काकू छाटेना जाळी,
जाळी देईना काळी मैना,
मैनेला चैन पडेना!"

जाळी म्हणाली, "अरेरे! सगळं त्या जाळीपाशी अडलंय तर! कोण गं ही जाळी? फारच हट्टी दिसते!"
मैना म्हणाली, "अगं, तूच की!"

"मी?"
"तू!"
"अगंबाई, मीच!"

जाळीला आलं हसू. खुदुखुदु! खुदुखुदु! हसता हसता हलली. हलता हलता कोवळा पाला गळला. टपाटप! टपाटप!

शेळी धावत आली. पाला खाल्ला, चर्र चर्र.
दूध दिलं, चुळ्ळ चुळ्ळ.
किटलीने चहा उकळला, खदखद खदखद.
मामांनी चहा प्यायला, भुर्रक! धार लावली, खर्रर्र खर्रर्र.
काकूंनी जाळी छाटली, कच कच कच.
जाळीला दिसायला लागलं. "ही घे गं तुझी मैना!"

मैनेने काळी मैना चोचीत धरली. घट्ट.

काकूंनी विचारलं, "मिळाली का गं?"
मैना गप्प.
मामांनी विचारलं, "मिळाली का गं?"
मैना गप्प.
शेळीने विचारलं, "मिळाऽऽली?"
मैना गप्प गप्प गप्प.

गुटुक!

"मिळाली!" मैना ओरडली. "मिळाली, मिळाली, मिळाली!"

मैनेने मैना खाल्ली, तरी मैना उरलीच. कशी? तुम्हीच सांगा.

बी पडलं मातीत, गोष्ट पडली कानात. आता तुम्हीही चोच मिटा बघू!