पळालेल्या सावल्या आणि हिरवा चुडा

एक होता राजा, आणि सगळी चूक त्याचीच होती. आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे उगाच त्याची कीव यायची नाही.

शेजारच्या राजापेक्षा याला उंच अंबारी हवी होती. केली उंच. मिरवणूक निघाली, तर बाजारपेठेतल्या झाडांत अंबारीचा कळस अडकला. शहाणा माणूस अंबारी ठेंगणी करेल की नाही? यानं झाडं तोडली. चिंचा, करंज, कडुलिंब, सगळी. मग हत्तीचा पाय घसरू नये म्हणून पेठेतला ओढाही फरशीखाली गाडला. आणि दरबारातले म्हातारे काय करत होते? माना डोलवत होते. त्यांचं नुसतं वय वाढलं होतं.

मग काय झालं, बरं का, झाडं आडवी झाली, पण सावल्या उठून उभ्या राहिल्या. त्यांनी पदर झटकले आणि रांगेनं वेशीबाहेर निघून गेल्या.

पेठ तव्यासारखी तापली. दुपारचं गिऱ्हाईक बंद झालं. परगावचे व्यापारी दुसऱ्या बाजाराला वळले. एकेक दुकान फळ्या लावून बसलं. गोजरा कासारीण तेवढी चिवट. ती बायकांना बांगड्या भरायची. पण उन्हानं हात सुजलेले, बांगडी चढेना. आणि भरता भरता बांगडी वाढली, म्हणजे फुटली हो, तर नुकसान कासारणीचं, अशी रीत. गोजराच्या पुढ्यात काचांचा ढीग आणि घरी चूल थंड. असंच चाललं असतं, तर तिला गाव सोडावं लागलं असतं.

तशात राजकन्येचं लग्न निघालं. हिरवा चुडा भरायला गोजराला बोलावणं आलं. तिनं भरला, वाढला. मग राजानं पंखे हलवायला माणसं उभी केली. पुन्हा वाढला. मग त्यानं गुलाबपाणी शिंपडलं, तर त्याची वाफच झाली. तिसऱ्यांदाही चुडा वाढला.

"अपशकुनी बाई!" राजा ओरडला. "हिला वेशीबाहेर काढा!"

म्हाताऱ्यांनी माना डोलवल्या.

"काढा की," गोजरा म्हणाली. "गारवा तिकडंच गेलाय. हात लेकीचे सुजलेत महाराज, पण ऊन तुम्ही आणलंत."

राजकन्या उठली. "थांबा मावशी, मी पण येते."

"तू कुठं निघालीस?"

"चुडा भरायला, आबासाहेब. तुमच्या गावात काही तो चढत नाही."

वेशीबाहेर उघडा माळ होता. झाड एक नाही, पण सावल्या मात्र दाटीवाटीनं बसलेल्या. दोघी त्यांच्यात जाऊन टेकल्या. अंगातला ताप उतरला, हातांची सूज उतरली. मग गोजरानं बोटं चेपत चेपत चुडा भरला. एक काच वाढली नाही!

तेवढ्यात राजा धापा टाकत आला. वऱ्हाड यायची वेळ झाली होती. "सावल्यांनो, परत चला," तो म्हणाला.

चिंचेची सावली सगळ्यांत थोरली. ती म्हणाली, "ओढा उघड. झाडं लाव. अंबारी मोड."

"पहिली दोन करतो. अंबारी तेवढी राहू दे."

सावल्या उठल्या आणि पुढच्या गावाकडे चालू लागल्या.

राजकन्येनं चुडा किणकिणवला. "चला तर मग, लग्नही त्याच गावात लावू."

राजाला दरदरून घाम फुटला. "मोडा ती अंबारी!"

मग काय मजा सांगावी! फरशी उखडली, ओढा खळखळत बाहेर आला. दरबारी म्हाताऱ्यांच्या हाती कुदळी दिल्या. खड्डे खणताना कुणाची मान डोलते होय? अंबारीच्या फळ्यांचं रोपांना कुंपण झालं. आणि सावल्या परत आल्या. वीतभर रोप, अन् त्याच्या बुडाशी थोरल्या चिंचेएवढी सावली!

भर दुपारी दुकानांच्या फळ्या निघाल्या. परगावच्या गाड्यांचे बैल ओढ्याकाठी सुटले. कुणी गूळ आणला, कुणी लुगडी, कुणी घोंगड्या. नुसती झुंबड! लग्न तिथंच लागलं, भर पेठेत. आणि गोजरापुढं हात पुढे करून बसलेल्या बायकांची रांग थेट वेशीला टेकली.

सगळे सुखात राहिले. आता तुम्हीही सावली पांघरा आणि डोळे मिटा.

राजाचं काय म्हणता? त्याला पुन्हा अंबारी मिळाली नाही. मरेपर्यंत तो पायी चालला.